डाव्या बाजूच्या लडी

ऑक्युपेशनल थेरपीच्या खोलीत नवीन पेशंट आला की मी सगळ्यात आधी एकच गोष्ट विचारते. घरी गेल्यावर तुम्हाला स्वतःच्या हाताने काय करता यायला हवं? लकवा झालेली माणसं बहुतेक वेळा ‘चालता आलं पाहिजे’ म्हणतात. त्याखालोखाल संडास-बाथरूम, मग जेवण. बायकांपैकी कितीतरी जणी म्हणतात, निदान चहा तरी करता यावा. सत्तरी ओलांडलेल्या एका सरदारजींनी मात्र उजव्या हाताने डोक्यावरचा काळा पटका चाचपला आणि म्हणाले, “पगडी. माझी मला बांधता आली पाहिजे.”

मुलगा शेजारीच उभा होता. “पापाजी, मी देतो ना रोज बांधून.”

“नक्को,” काका म्हणाले. “नवरदेव आहे का मी?”

लहान मुलाला आणि नवरदेवाला दुसऱ्याने पगडी बांधून दिली तर त्यात काही वावगं नाही. आजारी माणसालाही घरचे बांधून देतातच. पण काकांनी पोरवयापासून रोज सकाळी आपली आपण बांधली होती आणि आजारपणाने हे काम हातातून जाऊ द्यायची त्यांची तयारी नव्हती. बाजारात शिवलेली, टोपीसारखी डोक्यावर ठेवता येणारी पगडी मिळते, हेही कोणीतरी सुचवून झालं होतं. त्यावर ते बोललेसुद्धा नाहीत. पगडी रोज नव्याने बांधायची, सोडताना एकेक लड, म्हणजे डोक्याभोवतीचा एकेक फेरा, उलगडून सोडायची, उचलून खुंटीला अडकवायची नाही, हे त्यांना वडिलांनी शिकवलं होतं.

मी नांदेडची. सरदारजी आणि पगडी हे आमच्या गावात रोजचंच दृश्य. 1708 मध्ये गुरू गोविंदसिंहजी इथे आले, गोदावरीकाठी मुक्काम केला, गुरू ग्रंथ साहिबला गुरुगादी दिली आणि इथेच त्यांनी देह ठेवला. ज्या जागी हे घडलं तिथला हुजूर साहिबचा गुरुद्वारा महाराजा रणजितसिंहांनी 1832 ते 1837 या काळात बांधून घेतला. शीखांच्या पाच तख्तांपैकी, म्हणजे सर्वोच्च धर्मपीठांपैकी, हे एक. पंजाबातून सचखंड एक्स्प्रेसने येणारे यात्रेकरू वेगळे आणि आमचे इथले दखनी शीख वेगळे. रणजितसिंहांच्याच काळात निजामाच्या राज्यात लाहोरी फौज, म्हणजे पंजाबातलं शीख सैन्य, आली, तिच्यातल्या अनेकांच्या पिढ्या या मुलखात रुजल्या. काका त्यांच्यातले. घरात दखनी हिंदी, बाहेर मराठी, आणि पाठ गुरुमुखीत. मी होला मोहल्ल्याची मिरवणूक लहानपणापासून पाहत आले, लंगरमध्ये जेवले. पण डोक्यावर पगडी चढते कशी, हे मी कधी जवळून पाहिलं नव्हतं.

काकांचा आघात मेंदूच्या उजव्या बाजूचा, म्हणजे त्रास शरीराच्या डाव्या बाजूला. डावा खांदा ढिला पडलेला. बोटं मिटायची, पण सावकाश, आणि हात छातीच्या वर जात नव्हता. ओढून वर न्यायचा तर अशा खांद्याला इजा होते, म्हणून ते करायचंच नाही. त्याहून अवघड दुखणं बाहेरून दिसत नव्हतं. त्यांचे डोळे शाबूत होते, पण मेंदू डावी बाजू जमेस धरत नव्हता. ताटातला उजवीकडचा भात संपायचा, डावीकडची भाजी तशीच राहायची. डावीकडून कोणी हाक मारली तर ते उजवीकडे शोधायचे. यासाठी आम्ही कागदावरचे व्यायाम देतो. पानभर आडव्यातिडव्या रेघा असतात, त्या सगळ्या खोडायच्या. काका उजव्या अर्ध्या पानावरच्या रेघा खोडून पेन्सिल खाली ठेवायचे. डावीकडे बघा म्हटलं की बघायचे, दोन रेघा खोडायचे, कंटाळायचे. मला त्यांचा कंटाळा समजत होता. कागदावरच्या रेघा राहिल्या तर त्यांचं काय बिघडणार होतं?

आमच्या कामात कुठलंही काम शिकवायचं तर आधी त्याचे तुकडे पाडावे लागतात. कुठल्या क्षणी कुठला हात कुठे आहे, ताण किती आहे, मान किती वाकते, सगळं. नुसतं बघून ते कळत नाही. म्हणून मी माझ्या डोक्यावर पगडी बांधून शिकायचं ठरवलं. मी शीख नाही, तेव्हा काकांना आधी विचारलं की चालेल का. ते म्हणाले, “इज्जतीनं बांध, बस. जमिनीवर ठेवू नको, पायाला लागू देऊ नको.” काकूंनी दुसऱ्या दिवशी स्वच्छ धुतलेलं निळं फुल वॉइलचं कापड आणलं. सहा मीटर लांब, मीटरभर पन्ह्याचं.

दुपारी पेशंट नसतात तेव्हा आम्ही तिघं बसलो. काकूंनी स्वतःच्या डोक्यावर कधी पगडी बांधलेली नव्हती, पण लग्न झाल्यापासून काकांची पुणी त्याच धरत आल्या होत्या. पुणी म्हणजे बांधण्याआधीची घडी. दोघांनी कापडाची दोन टोकं धरून समोरासमोर उभं राहायचं, कापडावर पाण्याचा हलका शिपका मारायचा, ताणायचं आणि कडा आत दुमडत दुमडत चार बोटं रुंदीची लांबच लांब पट्टी करायची. पाण्याने घडी बसते, सुटत नाही. साडीच्या निऱ्या घालणाऱ्या बाईला हे काम परकं वाटत नाही, माझ्या बोटांनी ते पटकन उचललं. काकू टोकाला उभ्या राहून नुसत्या मनगटाने सांगत होत्या. जरा सैल झालं की हलका झटका द्यायच्या, घडी आपोआप सरळ व्हायची. घरात एकटाच असलेला माणूस हेच टोक दाराच्या कडीला बांधतो, असंही त्यांनी सांगितलं. ते मी लगेच लिहून घेतलं.

मग बांधणं. केस वर घेऊन माथ्यावर जूडा. शीखांचा कंगा, म्हणजे छोटा कंगवा, याच जूड्यात खोचलेला असतो. पुणीचं एक टोक दातात धरायचं आणि ते बांधणं संपेपर्यंत सोडायचं नाही. तिथून पट्टी एका बाजूने कपाळावरून वर, कानाच्या वरून मागे, मानेच्या खोबणीवरून फिरवून दुसऱ्या बाजूने पुन्हा कपाळावर. ही एक लड. पुढची लड तिच्यावर पूर्ण चढवायची नाही, बोटभर कड उघडी ठेवायची. असं करत कपाळाच्या मध्यावर दोन्हीकडच्या लडी येऊन टोक साधतात. शेवटचा पदर उलगडून माथ्यावर पसरायचा, जूडा झाकायचा, मागे खोचायचा. तेव्हा कुठे दातातलं टोक सोडायचं, तेही वर घेऊन पसरून खोचायचं. राहिलेल्या सुरकुत्या आणि कपाळावरचे चुकार केस सलाईने आत सारायचे. सलाई म्हणजे चपट्या टोकाची धातूची बारीक काडी.

दातांचं काम कळलं आणि मला हुरूप आला. दोन हात असलेल्या माणसालाही इथे तिसरी पकड लागते आणि ती परंपरेनेच तोंडाला दिलेली आहे. काकांचा जबडा पक्का होता. म्हणजे एका हाताची उणीव निम्मी तिथेच भरून निघत होती.

अडचण दोन जागी होती. एक, मानेच्या मागे, जिथे उजवा हात पट्टी डाव्याच्या हवाली करतो. दुसरी, डाव्या कानशिलावर, जिथे आधीची लड कोणीतरी दाबून धरावी लागते, नाहीतर नवी लड चढेपर्यंत जुनी घसरते. मी डावा हात मांडीवर ठेवून बांधून पाहत होते, तेव्हा हे दोन्ही क्षण मला माझ्या मानेत आणि खांद्यात कळले. मागच्या अडचणीला उंच पाठीची खुर्ची सापडली. पट्टी मागे नेली की डोकं खुर्चीला टेकवायचं, लड तिथे दाबली जाते. मग उजवा हात मोकळा करून चेहऱ्यावरून डावीकडे न्यायचा आणि पट्टी पुन्हा पकडायची. डाव्या कानशिलाचा उपाय काकांनीच काढला. हात डोक्यापर्यंत जात नाही, तर डोकं हाताकडे न्यायचं. टेबलावर उशांचा थर, त्यावर डावं कोपर, आणि मान झुकवून कानशील बोटांपाशी. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात इतका साधा आणि नेमका उपाय पेशंटकडून क्वचित आला आहे.

काकांचं कापड आम्ही चार मीटरचं केलं, म्हणजे फेरे कमी. सलाईच्या मुठीला फोम गुंडाळून ती जाड केली. खोलीतल्या मोठ्या आरशासमोर खुर्ची लावली. या आरशावर मधोमध उभी पट्टी चिकटवलेली असते, बसण्यातला कल पेशंटला दिसावा म्हणून. डाव्या कडेला मी लाल टेप लावली. आणि सुरुवात झाली.

त्या सकाळी काकूंनी जूडा घालून दिला, मुलाने पुणी धरली. काकांनी टोक दातात घेतलं. पहिल्या लडीपासून उजवा हात असा चालला की मी बघत राहिले. विचार करावा लागत नव्हता, हाताला सगळं पाठ होतं. खुर्चीला डोकं टेकणं त्यांना आवडत नव्हतं, प्रत्येक वेळी नाक मुरडायचे, पण करायचे. शेवटचा पदर खोचला, दातातलं टोक वर गेलं, आणि त्यांनी आरशात पाहिलं. समाधान दिसलं.

उजवी बाजू देखणी होती. एकेक कड समान अंतरावर. डाव्या बाजूच्या लडी मात्र एकमेकींवर कोसळून कानावर आल्या होत्या. काकांना ते दिसत नव्हतं. आरसा समोर, पगडी समोर, आणि अर्धी पगडी त्यांच्या लेखी नव्हतीच. मुलाने माझ्याकडे पाहिलं. काकूंचा हात लडी सारख्या करायला पुढे झाला, मी त्यांना खुणेनेच थांबायला सांगितलं.

“काका, लडी मोजून सांगा. उजवीकडून सुरुवात करा, बोट ठेवून.”

त्यांनी बोट ठेवलं. “एक, दो, तीन, चार.” कपाळाच्या मध्यावर आले. “आता लाल पट्टीपर्यंत जा,” मी म्हटलं. बोट मधली रेघ ओलांडून डावीकडे सरकलं, कापडाच्या गोळ्यात रुतलं आणि थांबलं. त्यांनी मान वळवून आरशात नीट पाहिलं. डावीकडे, आपणहून, मी काही न सांगता. बराच वेळ पाहत राहिले.

“ये किसने बांधी?” ते म्हणाले.

मुलगा काही बोलणार, तोच त्यांनी पगडी सोडायला घेतली. नुसती बाजू नीट करून भागलं असतं. काकू तेच म्हणाल्या. पण काकांनी ऐकलं नाही, लड लड उलगडून सगळं कापड मांडीवर घेतलं, मुलाला पुन्हा पुणी धरायला लावली. दुसऱ्या वेळी दर फेऱ्याला ते डावीकडे मान वळवून पाहत होते. डावं कोपर उशीवर, डाव्या हाताची दोन बोटं लडीच्या कडेवर. बोटांत जोर नव्हता, पण कापड घसरत नव्हतं. घाम फुटला, मी थांबूया म्हटलं, त्यांनी दातातलं टोक न सोडताच हुंकार देऊन नकार दिला. तास उलटून गेला. माझा पुढचा पेशंट बाहेर येऊन बसला होता. मी त्यांना आत बोलावलं, तेही बघत बसले.

दुसऱ्यांदा बांधलेली पगडीही काही फोटोत शोभावी अशी नव्हती. डावी बाजू जरा खालीच होती. पण लडी मोजता येत होत्या, आणि त्या काकांनी कोणी न सांगता मोजल्या.

लकव्यात पहिल्या काही महिन्यांत बरंच काही आपसूकही परत येतं, त्यामुळे त्यांचं डावीकडचं लक्ष पगडीमुळेच सुधारलं असं मी म्हणणार नाही. पण रेघांच्या कागदावर जे लक्ष मला हजार वेळा सांगून मिळत नव्हतं, ते इथे त्यांनी स्वतः दिलं. कारण डावीकडून ढासळलेली पगडी घालून दर्शनाला जाणं त्यांना शक्यच नव्हतं. त्यानंतर मी रेघांचे कागद त्यांच्यापुरते बंद केले आणि तो वेळ पगडीला दिला. काही आठवड्यांनी जेवणाचं ताटही ते फिरवून बघायला लागले.

घरी सोडताना मी कागदावर सगळं लिहून दिलं. उंच पाठीची खुर्ची, उशांची उंची, डाव्या कडेला टेप लावलेला आरसा, आणि पुणीसाठी दाराची कडी, म्हणजे मुलगा कामावर गेला तरी अडायला नको. काकांनी कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, “पगडी झाली. पण जूडा अजून तुझी काकू घालते.”

केस विंचरून, पीळ देऊन, माथ्यावर गुंडाळून त्यात कंगा बसवायचा, तोही एका हाताने. पगडीपेक्षा हे अवघड आहे, कारण इथे दात कामाला येत नाहीत. अंबाडा मी रोज घालते, पण दोन हातांनी. आता घरी डावा हात मांडीवर ठेवून घालून बघते आहे. केस आधी टेबलाच्या कडेशी अडकवून पीळ देता येतो, एवढं सापडलं आहे. सोमवारी काका येतील तेव्हा दाखवीन.