सुरगाठ मारायची, निरगाठ नाही

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा, असा निरोप आला. गुरुजींचा मार, चिंचेखालचा वर्ग, थुंकीने पुसलेली पाटी हे सगळं बाकीचे माजी विद्यार्थी लिहितीलच, आणि माझ्यापेक्षा बरं लिहितील. मी इथे फक्त रिती लिहून ठेवतो. जनरल रजिस्टर कपाटात आहे, त्यात कोण कधी दाखल झालं आणि कोणी कधी शाळा सोडली ते सापडतं. झेंडा कसा बांधायचा, जमीन कशी सारवायची, मैदान कसं आखायचं हे त्यात नाही. सातवीतली पोरं सहावीतल्यांना दाखवत आणि शाळा सोडून जात, एवढाच त्याचा दाखला.

सुरुवात झेंड्यापासून, कारण सगळ्या गावासमोर फजिती होण्याची जागा तीच.

झेंडा आदल्या दिवशी बाहेर काढायचा. तिनास दोन या मापाचा असतो, फाटका किंवा मळका असेल तर वापरायचा नाही. कापडी नळीतून जाणाऱ्या दोरीला वर लाकडी गुल्ली असते, ती केशरी पट्टीच्या बाजूला. हे पहिल्यांदा बघायचं. घाईत गुल्ली खाली गेली की झेंडा उलटा चढतो आणि ते कळतं तेव्हा लोक सावधानमध्ये उभे असतात. मग झेंडा सतरंजीवर आडवा पसरून केशरी आणि हिरवी पट्टी पांढऱ्यावर दुमडायची. आत मूठभर पाकळ्या टाकायच्या. पाकळ्या आत ठेवायला ध्वजसंहितेची हरकत नाही, बाकी काहीही झेंड्यात बांधायचं नाही. झेंडूच्या पाकळ्या सकाळी तोडून ताटात पसरून सुकवाव्यात. ओल्या पाकळ्या खादीला चिकटतात, डाग पडतो आणि झेंडा उघडला तरी एकही पाकळी खाली येत नाही.

आता गुंडाळी. मोकळ्या टोकाकडून नळीकडे घट्ट गुंडाळत यायचं. खालच्या दोरीचे गुंडाळीभोवती दोन वेढे घ्यायचे आणि तिसऱ्या वेळी दोरी एकेरी न घालता तिचा दुहेरी पदर करून वेढ्याखालून अर्धा बाहेर काढायचा. ही सुरगाठ. वर गेल्यावर खालची दोरी झटक्याने ओढली की पदर निसटतो आणि झेंडा उघडतो. दोरीचं टोक पूर्ण आरपार गेलं की झाली निरगाठ. मग पाहुण्यांनी कितीही ओढली तरी गुंडाळी तशीच आणि खांबही हलायला लागतो. पंधरा ऑगस्टला आणखी एक अडचण. सुती दोरी पावसात फुगते, त्यामुळे बरोबर मारलेली सुरगाठसुद्धा आवळते. नायलॉनची दोरी फुगत नाही पण गुळगुळीत असल्याने अर्ध्या वाटेतच सुटते. म्हणून सुती दोरी, पण पहाटेपर्यंत घरात कोरडी ठेवलेली. कप्पीला आदल्या संध्याकाळी तेलाचे दोन थेंब आणि रिकाम्या दोरीने तीनदा वरखाली करून बघणं, हे ज्या वर्षी टाळलं त्या वर्षी दोरी कप्पीतून उतरलीच. झेंडा चढवायचा झपाट्याने, संध्याकाळी उतरवायचा सावकाश.

राष्ट्रगीताला साधारण 52 सेकंद लागायला हवेत. आपल्याकडे सव्वा मिनिट लागायचं, कारण पहिलीची मुलं प्रत्येक ओळीचा शेवट ओढतात आणि मोठी त्यांच्यासाठी थांबतात. उपाय सोपा आहे. स्वच्छ आवाजाच्या चार मुली पुढे उभ्या करायच्या आणि पहिलीची रांग त्यांच्या लगेच मागे ठेवायची, शेवटी नाही.

प्रभातफेरीच्या पताकांचं थोडक्यात सांगतो. वीतभर उंचीचा त्रिकोण, पाया अंगठ्याएवढा दुमडून सुतळीवर चिकटवलेला, दोन पताकांत चार बोटं अंतर. खळ गव्हाच्या पिठाची, सतत ढवळत शिजवलेली, चमच्यावरून जाड पडेल इतकी. पातळ खळ कागद भिजवते आणि सुतळी ताणली की पताका गळून पडतात. पतंगी कागद सव्वीस जानेवारीला चालतो. पंधरा ऑगस्टला घोटीवच घ्यावा, नाहीतर पहिल्या सरीत सगळ्यांचे पांढरे सदरे हिरवे-केशरी होतात आणि आयांना तो दिवस पुढचे दोन धुणी लक्षात राहतो.

सारवणाची रीत आता कुणाला लागणार नाही, खोल्यांत फरशी आहे. तरीही लिहितो, कारण या शाळेच्या वयातली बरीच वर्षं लोक त्या जमिनीवर बसून शिकले. लोकल बोर्ड जाऊन 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा आल्या, पण म्हातारी माणसं अजून ‘बोर्डाची शाळा’च म्हणतात, आणि बोर्डाच्या शाळेला जमीन मातीची. सारवण शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, म्हणजे सोमवारपर्यंत पक्कं वाळतं. आधी खळगे मुरमाने भरून, पाणी शिंपडून चोपण्याने चोपायचे. खळगा तसाच ठेवून वरून सारवलं तर तिथे शेणाचा थर जाड बसतो, वाळताना तडकतो आणि बुधवारपर्यंत खपली निघते. एका खोलीला साधारण दोन घमेली ताजं शेण, अर्धं घमेलं चाळलेली माती आणि लागेल तसं पाणी. काला हातातून सुटून पडेल पण वाहणार नाही इतपत. मागच्या भिंतीपासून सुरुवात करून दाराकडे मागे सरकत यायचं, हाताचा अर्धगोल शेजारच्या अर्धगोलावर बोटभर चढवत. दारापासून सुरुवात करणारा कोपऱ्यात अडकतो आणि सारवलेल्यातून पाय उमटवत बाहेर येतो. असा एकजण दरवर्षी निघायचा.

फळाही वर्षातून दोनदा काळा करायचा. नारळाच्या करवंटीचा कोळसा वस्त्रगाळ करून माक्याच्या रसात कालवायचा आणि फडक्याने एकाच दिशेने पुसायचा. काही जण संपलेल्या सेलमधली काळी पूडही घालत. फळा झकास काळा होई, पण ती पूड मुलांच्या हातात देण्यासारखी नाही, हे आता माहीत आहे. रसात कोळसा कमी पडला तर फळ्याला चकाकी येते, खडू घसरतो आणि खिडकीकडच्या बाजूला बसलेल्यांना काहीच दिसत नाही.

परिपाठाचं सगळ्यांना माहीत आहे: सुविचार, दिनविशेष, बातम्या, पाढे. जुन्या लोकांना पावकी, निमकी, पाऊणकी हे पाव, अर्धा, पाऊणचे पाढेही म्हणावे लागत. बाजारात सव्वा दोन किलोचा हिशेब बोटं न मोडता करणारा कुणी म्हातारा दिसला तर तो त्या पाढ्यांतला.

शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक चिठ्ठ्यांनी व्हायची. सगळ्यांना पंतप्रधान व्हायचं असे. खरं काम मात्र पाणीमंत्र्याकडे असायचं: रोज सकाळी माठ आतून घासून धुणं, गाळून पाणी भरणं आणि ओगराळं, म्हणजे पाणी काढायचा लांब दांड्याचा डाव, खुंटीला अडकवणं. ओगराळं माठाच्या झाकणावर पडून राहिलं की त्याची मूठ पाण्यात जाते आणि सगळी मेहनत फुकट. गावच्या टाकीत पाणी शुद्ध करायला टीसीएल पावडर टाकत ती हजार लिटरला पाच ग्रॅमच्या हिशेबाने, आणि टाकल्यावर निदान अर्धा तास पाणी सोडायचं नाही, हेही पाणीमंत्र्याला पाठ असायचं.

भाद्रपद-आश्विनात हादगा. पुण्याकडे भोंडला म्हणतात, आपल्या सातारा भागात हादगाच. सूर्य हस्त नक्षत्रात जातो तेव्हा, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटी, सुरू होतो. पाटावर खडूने समोरासमोर दोन हत्ती, भोवती मुलींचा फेर. पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, असं सोळाव्या दिवशी सोळा. एकूण किती गाणी, हे गणित चौथीला दरवर्षी घातलं जायचं. उत्तर 136, आणि दरवर्षी कुणीतरी 16 गुणिले 16 करून 256 सांगायचं. प्रत्यक्षात शाळेत मोठा हादगा एकच दिवस होतो, पण फेर नीट धरायचा तर तीसपेक्षा जास्त मुली एका रिंगणात घेऊ नयेत. रिंगण मोठं झालं की पलीकडच्या बाजूला गाणं अर्धी ओळ उशिरा पोचतं. मग आत एक लहान आणि बाहेर एक मोठं अशी दोन रिंगणं करायची आणि गाणं आतल्या रिंगणाने उचलायचं. खिरापत ओळखण्याची तऱ्हा अशी की आधी ‘गोड का तिखट’, मग ‘कोरडी का ओली’, मग नाव. डबा हलवून आवाज ऐकणाऱ्या हुशार असतात. त्यांना चकवायला चुरमुऱ्यांच्या डब्यात वर एक जाड चपाती दाबून ठेवायची, डबा मुका होतो.

मैदान आखताना पहिली चूक काटकोनाची होते. नजरेने आखलेलं खो-खोचं मैदान एका बाजूला हातभर तिरकं निघतं आणि केंद्राच्या स्पर्धेला आलेले दुसऱ्या शाळेचे गुरुजी तेच आधी बघतात. लांब दोरीला सारख्या अंतरावर बारा भाग पाडायचे, टोकं जोडून तीन-चार-पाच अशा बाजू ताणायच्या, तीन आणि चारमधला कोन काटकोन. खांब जमिनीपासून 120 ते 125 सेंटिमीटर वर, मधल्या पाटीवर 30 सेंटिमीटरचे आठ चौक. फक्की टाकताना वाऱ्याकडे पाठ करायची आणि चुन्याची पूड असेल तर उघड्या पायांच्या पोरांना ओल्या जमिनीवर ती टाकायला लावायची नाही, पाय भाजतात.

लेझीम पेटीतून काढल्यावर आधी प्रत्येक साखळी बघायची. दांड्याच्या टोकाची कडी ढिली झाली की चकत्या उशिरा वाजतात आणि दोष मुलाला लागतो. चार आवाज बसल्याशिवाय पवित्र्याकडे जायचं नाही. हलगी नेहमी गावातलीच, आणि सव्वीस जानेवारीच्या थंडीत ती सैल पडते. म्हणून कार्यक्रमाआधी पाचटाचा जाळ करून शेकायची, बोटाने टिचकी मारल्यावर टणत्कार येईपर्यंत. जास्त शेकली तर कातडं फाटतं, त्यामुळे हे काम पोरांचं नाही, हलगीवाल्याचंच.

खिचडीबद्दल नव्या पिढीला वाटतं की ती पहिल्यापासून होती. दुष्काळाच्या सालात सुकडी हा कोरडा खाऊ होता. 15 ऑगस्ट 1995 ला पोषण आहाराची योजना आली, तेव्हा 80 टक्के हजेरी असेल तर महिन्याला तीन किलो तांदूळ पिशवीतून घरी जायचा. शिजवलेलं अन्न आलं ते सर्वोच्च न्यायालयाच्या 2001 च्या आदेशानंतर. पहिली ते पाचवीला मुलामागे 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी आणि पाच ग्रॅम तेल असा हिशेब. म्हणजे 60 मुलांना सहा किलो तांदूळ, सव्वा किलोला थोडी कमी डाळ, तीन किलो भाजी, 300 ग्रॅम तेल. चुलीवर खिचडी करपते ती बहुतेक वेळा एकाच कारणाने: तांदूळ टाकल्यावरही मोठं लाकूड आत तसंच राहतं. पाणी आटत आलं की लाकूड ओढून घ्यायचं आणि चार निखारे झाकणावर ठेवायचे. मटकी असेल तर ती आदल्या रात्री भिजवलेली हवी, नाहीतर तांदूळ मोडतो तरी मटकी दाताखाली टणक. धान्याचं पोतं भिंतीला टेकवून ठेवायचं नाही, खाली फळी आणि मधून उंदीर दिसेल एवढी जागा. माझ्या मते शाळेला गावाशी सगळ्यात घट्ट बांधलं ते या चुलीनेच. सभेला न येणाऱ्या बायका भाजी निवडायला येत, आणि तिथेच कुणाचं पोर चार दिवस का आलं नाही ते कळे.

राहिलं गॅदरिंग. स्टेजला चार बैलगाड्या लागत. एकाला एक चिकटवून उभ्या करायच्या, चाकांना दोन्हीकडून दगड, जुवाखाली सारख्या उंचीचे टेकू, वर फळ्या आणि फळ्यांवर सतरंजी. फळ्या गाडीला काथ्याने बांधल्याच पाहिजेत. कोळीनृत्यात सगळे एका बाजूला झुकले की मोकळी फळी दुसऱ्या टोकाने उठते. पडदा म्हणजे दोन लुगडी, तारेवर कड्या घालून. तार आधी मेणबत्तीने घासली तर पडदा न अडता सरकतो.

उजेड रॉकेलच्या बत्तीचा. मेंटल, म्हणजे बत्तीतली कापडी जाळी, बांधून आधी पूर्ण जाळून त्याची पांढरी राख होऊ द्यायची, हात लावायचा नाही. स्पिरिटने नळी चांगली तापली की मगच पंप. घाईने पंप मारला तर रॉकेलची वाफ होत नाही, कच्चं रॉकेल वर येऊन पिवळी ज्वाळा उठते आणि मेंटल काजळतं. सगळ्यात मोठा शत्रू पाकोळी. एका धडकेत राख पडते आणि नाटकाचा तिसरा प्रवेश अंधारात. त्यामुळे बत्त्या नेहमी दोन आणि त्याही स्टेजच्या दोन टोकांना.

शाळेचं स्वतःचं असं त्यात काहीच नसे. गाड्या, सतरंज्या, बत्त्या, लुगडी, हार्मोनियम, सगळं मागून आणलेलं. एका वहीच्या शेवटच्या पानावर यादी असायची आणि सतरंज्या एकसारख्या दिसतात म्हणून ज्याच्या त्याच्या घराप्रमाणे कोपऱ्याला वेगळ्या रंगाचा दोरा बांधलेला. दुसऱ्या दिवशी गाड्या उजाडायच्या आत परत, मालकाला शेतावर जायचं असतं. मग लुगडी, धुऊन. मग सतरंज्या, झटकून. बत्ती सगळ्यात शेवटी, हवा सोडून आणि टाकीतलं रॉकेल काढून, आणि तिच्याबरोबर मेंटलचं नवं पाकीट. जुनं वाटेत पडतंच.