नदी साफ ठेवायची तर आधी ओढ्याचा काठ बघा

नदीचं प्रदूषण म्हटलं की डोळ्यासमोर लगेच कारखान्याचा पाइप येतो, पण शेतातलं प्रदूषण कुठल्या एका पाइपातून येत नाही हो, ते पावसाबरोबर अख्ख्या रानातून वाहत येतं आणि म्हणूनच पकडायला अवघड. युरियातला जो नायट्रोजन पिकाने घेतला नाही त्याचं नायट्रेट होऊन ते पाण्यात विरघळतं आणि पार विहिरीपर्यंत झिरपतं, फॉस्फरस मात्र मातीच्या कणांना चिकटून बसतो, म्हणजे माती वाहिली की तोही गेला. मग या खतावर पोसलेल्या, कधी कधी विषारी असणाऱ्या शेवाळाचा खाली साचलेल्या पाण्यावर हिरवा तवंग. 2014 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात याच कारणाने लाखो लोकांना नळाचं पाणी पिऊ नका म्हणून सांगावं लागलं, आणि उकळूनही उपयोग नाही, उलट त्या शेवाळाचं विष आणखी दाट होतं!

मला विचाराल तर सगळ्यात आधी ओढ्याकाठची पट्टी नांगरणं थांबवा. तिथे दाट गवत असलं की गढूळ पाण्याचा जोर मोडतो, गाळ गवताच्या बुडाशी बसतो. खत माती तपासून, हप्त्याहप्त्याने द्या, जोराचा पाऊस येणार असेल तर नकोच.

पण हा भार एकट्या शेतकऱ्यावर टाकणं मला अजिबात पटत नाही, पट्टी सोडली की उत्पन्न त्याचं बुडतं आणि स्वच्छ पाणी खालच्या शहराला, मग शहराने पैसे द्यायला नकोत का? न्यूयॉर्क शहराने 1997 मध्ये, जिथून त्याचं पिण्याचं पाणी येतं त्या कॅट्सकिल डोंगराळ भागातल्या गावांशी करार केला, शेतांवरच्या उपायांसाठी पैसा घातला आणि फिल्टर प्लांटचा अब्जावधी डॉलरचा खर्च वाचवला.