चावी कोणाकडे, एवढेच विचारले होते

आमच्या पॅथॉलॉजी प्रयोगशाळेतील रुग्णांचे अहवाल क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर, नेण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा देशी कंपनी घ्या म्हणजे चिंता मिटली, असा सल्ला अनेकांनी दिला. परदेशी कंपन्यांची माहिती साठवण्याची केंद्रे मुंबई-पुण्यातही आहेत. परंतु अमेरिकेच्या २०१८ च्या क्लाउड कायद्यानुसार तेथील कंपनीच्या ताब्यातील माहिती कोणत्याही देशात साठवलेली असली, तरी तेथील यंत्रणांचा वैध आदेश आल्यास त्या कंपनीला ती द्यावी लागते. म्हणून मीही देशी कंपनीच निवडली. दरपत्रक आणि चाचणी खाते यांत काहीच अडले नाही.

अडले ते लेखी उत्तरापाशी. एन्क्रिप्शनची चावी, म्हणजे कुलूपबंद केलेली माहिती उघडणारा संकेत, कोणाकडे राहणार, बॅकअप कोणाच्या सर्व्हरवर जाणार आणि खाते बंद केल्यावर माहिती कधी पुसली जाणार, एवढेच मी विचारले होते. उत्तरादाखल तिरंगा छापलेले माहितीपत्रक आले. विक्री प्रतिनिधी फोनवर "सर, आपलीच कंपनी आहे, निश्चिंत राहा" असे सांगत. तेच ईमेलवर मागितले की माझे पत्र विधी विभागाकडे, तेथून तांत्रिक विभागाकडे आणि फिरून पुन्हा त्याच प्रतिनिधीकडे येई. मी हट्ट सोडला नाही, कारण डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार माहिती सांभाळायला दुसऱ्याकडे दिली तरी जबाबदारी आमचीच राहते, आणि सुरक्षेत कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. निश्चिंत राहण्याचा सल्ला तेथे पुरावा म्हणून चालणार नाही. अखेर उत्तर आले: चावी कंपनीकडेच, आणि बॅकअप एका परदेशी कंपनीच्या भारतातील केंद्रात! तिरंग्याचा मला तेव्हा फार राग आला.

बॅकअपही देशी केंद्रातच ठेवण्याचे कलम करारात घालून घेतल्यावरच मी सही केली. देशी कंपनीवरही माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली माहिती उलगडून देण्याचा सरकारी आदेश येऊ शकतो, त्यामुळे अहवाल आता आमच्याच संगणकावर आमच्याच चावीने कूटबद्ध (एन्क्रिप्ट) होऊन मग वर जातात. चाचणी खात्यातच माहिती परत उतरवून (डाउनलोड करून) पाहावी, हे मी आधीच सांगायला हवे होते. शिवाय चावीची एक प्रत प्रयोगशाळेबाहेर ठेवावी. चावीच हरवल्यास कंपनी देशी असो वा परदेशी, अहवाल कोणालाच उघडता येणार नाहीत.