अभिलेख कक्षातील सत्कार

आज आमच्या कार्यालयात उत्कृष्ट कर्मचाऱ्यांचा गौरव झाला आणि पहिलेच नाव अभिलेख कक्षातील लिपिकांचे पुकारले गेले, याचा मला मनापासून आनंद झाला. ज्यांनी जीर्ण नोंदवह्या पान न् पान जपत लावून ठेवल्या आणि नकलेसाठी आलेल्या वृद्धांना दुसरी खेप पडू दिली नाही, त्यांचे काम सहसा कोणाच्या नजरेत भरत नाही. तक्रारीची नोंद तेवढी होते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००२ मध्ये २३ जून हा लोकसेवा दिन ठरवला, तो अशाच सेवेच्या सन्मानासाठी. प्रशस्तिपत्रात मात्र ‘उत्कृष्ट कामगिरी’ एवढेच शब्द होते. त्यांनी नेमके काय केले, हेही त्यात लिहायला हवे होते. सत्कार आटोपताच ते कक्षात परतले, कारण तिथे एक आजी नकलेसाठी थांबल्या होत्या.