दमलेला हात हळू चालत नाही

राज्य नाट्य स्पर्धेच्या तोंडावर नाशिकच्या एका हौशी संघाने मला तालमीला बोलावलं. नाटकातली बाई द्राक्षबागेत मजुरी करते. भूमिका करणारी मुलगी गुणी, पण दमणूक दाखवायची म्हटलं की खांदे पाडायची, उसासे टाकायची. दिग्दर्शक "अजून दमलेली हवी" म्हणायचे आणि ती अजून संथ व्हायची.

मी रुडॉल्फ लाबान या नृत्यगुरूच्या हालचाल अभ्यासण्याच्या पद्धतीने काम करते. हालचालीत जोर किती, दिशा थेट की फिरती, वेळ झटक्याचा की रेंगाळता, ओघ मोकळा की आवरलेला, हे त्यात पाहायचं. लाबान नर्तकांपुरता थांबला नाही. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये पुरुषांची जड कामं बायकांवर आली, तेव्हा त्याने कारखान्यांत जाऊन कामगारांच्या हालचाली न्याहाळल्या. १९४७ साली लॉरेन्स या व्यवस्थापन सल्लागाराबरोबर त्यावर पुस्तकही काढलं. मग आम्ही तरी खोलीत कशाला बसायचं? दिंडोरीकडच्या एका बागेत विरळणी, म्हणजे घडातले जादा मणी काढणं, चालू होती, तिथे गेलो.

मांडवाखाली पेठ-सुरगाण्याकडच्या बायका, माना मागे, हात डोक्याच्या वर. एका मावशींची डाव्या हाताची बोटं घडाला जेमतेम टेकलेली. कात्रीचं टोक दाटीत शिरायचं, नको तो मणी टिपायचं, शेजारच्याला ओरखडा नाही. जोर हलका, दिशा थेट, वेळ झटक्याचा. लाबान याला 'डॅब' म्हणतो. दुपार कलली तरी हाताचा वेग तोच.

"मावशी, दमल्यावर हात हळू होत नाही का?" मुलीने विचारलं.

"हळू करून कसं भागंल? उक्तं काम हाये. अन् हात जड झाला का चांगला मणी जातो, पोरी."

दमणूक होती दोन घडांच्या मधे. घड संपला की मावशी हात खाली आणत नव्हत्या, तो पडायचा. कात्री मांडीशी लोंबायची, मान एकदा उजवीकडे कलायची, आणि पुढच्या पावलाबरोबर हात परत वर. श्रमाइतकंच त्यानंतरच्या सावरण्याकडे बघायला लाबान का सांगतो, ते मुलीला तिथे आपोआप दिसलं. मला वेगळं शिकवावं लागलं नाही, याचा फार आनंद झाला.

संध्याकाळच्या तालमीत उसासे गेले. दिग्दर्शकांची शंका रास्त होती: कालिदास कलामंदिरात मागच्या रांगेला बोटं दिसणार नाहीत, मणी टिपणं मोठं करू या. मी नको म्हटलं. मोठं करताना त्यात जोर शिरतो, आणि थेट, झटक्याच्या हालचालीत जोर आला की तो ठोसा होतो. बाई घडावर चिडल्यासारखी वाटेल. त्यापेक्षा हाताचं पडणं मोठं केलं आणि पहिल्या अंकातली तिची बरीचशी वाक्यं दोन घडांच्या मधल्या त्या जागेत आणली.