तुम्ही विचारलंत म्हणून: वंशावळीची फाईल मी का देत नाही

"ताई, आपल्या भावकीची सगळी वंशावळ तुमच्या कॉम्प्युटरवर आहे ना? मग फाईल तेवढी पाठवून द्या." हे मला गावच्या मुंबई मंडळाच्या सभेत विचारलं गेलंय, लग्नाच्या पंगतीत विचारलं गेलंय, गोरेगाव स्टेशनच्या पुलावर गर्दीत थांबवून विचारलं गेलंय. मी "बघते" म्हणते आणि पाठवत नाही. मागून काय बोललं जातं तेही कानावर येतं. माहेरची कागदपत्रं दाबून बसलीय, हिला मोठेपणा हवाय. त्यात मी लग्न होऊन गेलेली, म्हणजे जुन्या वंशावळीत जिचं नावसुद्धा लागत नाही अशी. आता एकदाच नीट सांगते.

मदतीला मी कधीच नाही म्हटलेलं नाही. कुणाला इतर मागासवर्गाच्या जातवैधतेसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, त्याला पणजोबांपर्यंतची त्याची शाखा काढून देते. प्रत्येक नावापुढे ते कुठून आलं तेही लिहून देते: शाळेचा दाखला, फेरफार, जन्ममृत्यूची नोंद, नाहीतर कुणाच्या तोंडून ऐकलेलं. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, त्यानंतर तर हे फोन फारच वाढले. कागद मोडीत असेल तर वाचणारा माणूस गाठून देते. कुणाला स्वतःची वंशावळ सुरू करायची असेल तर शेजारी बसून सॉफ्टवेअर शिकवते. फाईल देत नाही, एवढंच.

एकाला नाही म्हणताना मात्र मला जराही जड गेलं नाही. त्याला वारस नोंदीसाठी वंशावळ हवी होती, "पण बहिणींची नावं काढून द्या, त्या लग्न होऊन गेल्यात." हिंदू वारसा कायद्यातल्या दुरुस्तीने ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी मुलाइतकीच हिस्सेदार आहे. हे त्याला ठाऊक होतं, म्हणूनच तर नावं नको होती. फाईल हातात असती तर त्याने ती स्वतःच पुसली असती, आणि खाली माझं नाव तसंच राहिलं असतं.

पण सगळे काही असे नसतात. बहुतेकांना खरंच कौतुक असतं. त्यांना वाटतं, फाईल म्हणजे नावांची यादी, ती एकीकडून उचलून दुसरीकडे ठेवली की झालं. ते तसं नाही हे कसं समजावू, इथे मी दर वेळी अडते.

मी ग्रॅम्प्स हे वंशावळीचं सॉफ्टवेअर वापरते. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, देवनागरी नीट घेतं, आणि एकेका माहितीला तिचा आधार जोडता येतो. पाश्चात्त्य घराण्यांना समोर ठेवून केलेलं असल्याने आपल्या घरात जे रोजचं, ते त्यात वाकवून बसवावं लागतं. लग्नानंतर आडनाव बदलतं हे त्याला माहीत आहे, पण आमच्या आज्या-पणज्यांचं पहिलं नावही बदलायचं. म्हणून मी माहेरचं नाव वेगळ्या रकान्यात लिहिते. तारखांचं तर विचारूच नका. त्यात फ्रेंच राज्यक्रांतीचं कॅलेंडर आहे, हिब्रू आहे, इस्लामी आहे, शालिवाहन शक नाही. आमच्या देवगडकडच्या घरातल्या वहीत सगळ्या नोंदी शकाच्या. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं असं शाळेत शिकलेलो असतो, पण शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं आणि इंग्रजी वर्ष मध्येच पौषात बदलतं. पौष शुद्ध एकादशी, शके १८५७ ही तिथी १९३५ मध्ये नाही, १९३६ च्या जानेवारीत पडते. म्हणून तारखेच्या रकान्यात वहीतली तिथी जशीच्या तशी अक्षरांत ठेवायची आणि इंग्रजी तारीख कशी काढली ते टिपणीत लिहायचं, ही माझी पद्धत.

ती तिथी मी उगाच नाही निवडली. त्या दिवशी माझ्या आजोबांची पहिली बायको बाळंतपणानंतर गेली. मूल जगलं. ती माझी थोरली आत्या.

वर्षभराने आजोबांचं दुसरं लग्न झालं. आजोबांचं नाव नारायण, म्हणून पहिलीचं सासरचं नाव लक्ष्मी ठेवलं होतं. दुसरी आली तिचंही लक्ष्मीच ठेवलं. या दुसऱ्या लक्ष्मीचा मुलगा म्हणजे माझे वडील. पहिलीचं माहेरचं नाव काशी. हे नाव ना दाखल्यावर होतं, ना वहीत. ते मला आत्याकडून मिळालं, आत्याला तिच्या मामाकडून. काशीचा फोटो नाही. धाकट्या आजीच्या गळ्यात सवतीचा टाक असायचा, म्हणजे तिचा चेहरा उठवलेला पत्रा, चांदीचा, घासून गुळगुळीत झालेला, त्यावर चेहरा असा उरलाच नव्हता. म्हणजे त्या बाईची या जगातली खूण म्हणाल तर तो टाक, ती तिथी आणि माझ्या फाईलमधली एक नोंद.

२०१९ मध्ये आमच्या गावच्या मुंबई मंडळाने दादरच्या एका हॉलमध्ये भावकीचा मेळावा ठरवला. चुलत पुतण्याने फाईल मागितली आणि मी आनंदाने दिली. सगळी, जेडकॉम करून. जेडकॉम म्हणजे एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात वंशावळ नेण्याचा ठराविक साचा. मॉर्मन चर्चने तो १९८४ मध्ये आणला आणि आजही सगळं त्याच्यावरच चालतं. पुतण्याने ती फाईल दुसऱ्या एका प्रोग्रॅममध्ये घातली, कारण त्यात तक्ता देखणा निघतो. माझ्या अक्षरांतल्या तिथ्या त्या प्रोग्रॅमने तारीख म्हणून घेतल्या नाहीत, रकाने कोरे ठेवले. माहेरची नावंही मागे पडली. मग प्रोग्रॅमनेच विचारलं, तुमच्या फाईलमध्ये एकच व्यक्ती दोनदा आलेली दिसते, एक करू का? यादी लांबलचक होती. पुतण्या नोकरी सांभाळून रात्री बसून हे करत होता. नाव लक्ष्मी, नवरा नारायण, गाव एकच, तारीख दोघींनाही नाही. पुतण्याने हो म्हटलं.

एकत्र करणं म्हणजे काय होतं ते सांगते, कारण "एक नाव कमी झालं, एवढंच ना" असं मला पुष्कळ जण म्हणाले. या फाईलमध्ये माणसाची नोंद वेगळी असते आणि जोडप्याची वेगळी. मुलं लागतात ती जोडप्याला. आजोबांच्या दोन लग्नांच्या दोन नोंदी होत्या. बायको एक झाली तेव्हा दोन्ही लग्नांत नवरा तोच, बायको तीच, म्हणून लग्नंही एक झाली. सगळी मुलं एका रांगेत आली. आणि असं झाल्याची खूण कुठे राहत नाही. तक्ता स्वच्छ दिसतो. उलट आधीपेक्षा नीटनेटका दिसतो.

हॉलच्या भिंतीवर तो तक्ता फ्लेक्सवर छापून लावला होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मुलं आपापली नावं शोधत होती, सेल्फी काढत होती. आत्या तेव्हा त्र्याऐंशी वर्षांची. तिला खुर्चीसकट पुढे नेलं. तिने चष्मा पुसला, आजोबांच्या नावावर बोट ठेवलं, तिथून बाजूला सरकवलं, खाली आणलं, परत वर नेलं. मग पुतण्याला विचारलं, "माजी आये खंय आसा हेच्यात?"

तो म्हणाला, "ही काय आत्याआजी, लक्ष्मीबाई."

"ती धाकटी आये. माजी खंय?"

त्याला कळेना. तो पुन्हा तेच नाव दाखवत होता, मोठ्याने, तिला ऐकू आलं नसेल असं समजून. मी मागे उभी होते. मला एका क्षणात कळलं काय झालंय, आणि तोंडातून शब्द फुटेना. आत्याने बोट काढून घेतलं. रडली नाही, चिडली नाही. जेवायला बसली, आमरस घेतला, सगळ्यांची चौकशी केली. टॅक्सीत बसताना मला एवढंच म्हणाली, "वहीत तरी आसा मां?" आहे म्हटलं मी.

पुतण्याला मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. पोर वाईट नाही, त्याने मेहनत केली होती. पण त्यानंतर घरात जे सुरू झालं त्याने मला जास्त लागलं. माझ्याच भावंडांतले म्हणाले, आहे तेच बरं आहे की. एका घरातली सगळी सख्खी दिसतायत, आता सावत्र-सख्खं उकरून कुणाचं भलं होणार? धाकट्या आजीने आत्याला पोटच्या पोरीसारखं वाढवलं, हे तर खरंच होतं. आत्यानेही जन्मात कधी तिला सावत्र म्हटलं नाही. मग मी कुणासाठी भांडत होते? ज्या बाईला पाहिलेलं कुणीच उरलं नाही, तिच्यासाठी? होय, तिच्यासाठीच. तिचं कुणी नाही म्हणून तर. हे तेव्हाही म्हणाले, आजही म्हणते. तरी भावंडांचं म्हणणं मला खोडता आलेलं नाही, हेही खरं.

तोवर तक्त्याबरोबर ती फाईल एका ऑनलाइन संकेतस्थळावर चढली होती. तिथून आमच्याशी जेमतेम नातं असलेल्यांनी ती उचलून आपापल्या झाडांना जोडली. पुतण्याने त्याची प्रत दुरुस्त केली. बाकीच्या प्रती कुणाकुणाकडे आहेत आणि त्या कोण दुरुस्त करणार? आजही शोध घेतला तर माझ्या आजोबांची एकच बायको सापडते, आणि खाली आधार म्हणून लिहिलेलं असतं, 'कौटुंबिक वंशावळ'. म्हणजे माझीच.

मंडळाच्या एका जुन्या स्मरणिकेत मी लिहिलं होतं की वंशावळ कुणा एकाच्या कपाटात राहू नये, ती सगळ्यांची आहे, जितक्या हातांत जाईल तितकी टिकेल. आता लोक मला तीच स्मरणिका उघडून दाखवतात. ते लिहिणाऱ्या बाईशी माझं भांडण आहे, पण तिचं सगळंच चूक होतं असं मला म्हणवत नाही. गावच्या घराचं छप्पर गळून वहीची शेवटची पानं गेली, ती कुणीतरी उतरवून घेतली होती म्हणून वाचली. प्रत असावीच. पण प्रत वेगळी आणि जो तो आपापल्या सोयीने बदलत जाईल अशी फाईल वेगळी. तिने हा फरक केला नव्हता. कुठवर प्रत आणि कुठून पुढे फाईल, ते मलाही अजून नेमकं आखता येत नाही.

"जिवंत माणसं वगळून द्या", "खासगी नोंदींना कुलूप लावून द्या" असंही सुचवतात. ते ग्रॅम्प्समध्ये होतं, मी करतेही. आमच्या भावकीत एक दत्तक आहे, ज्याच्याबद्दल ज्याला सांगायचं त्यालाच अजून सांगितलेलं नाही. ती नोंद कुलपात आहे. पण काशीला कुलूप लावून काय उपयोग? तिला कुणापासून लपवायचं नव्हतं. ती दिसायला हवी होती.

मेळाव्यानंतर मी आत्याकडे लॅपटॉप घेऊन गेले, लालबागला. तिच्यासमोर दोन्ही लग्नं दाखवली आणि विचारलं, धाकट्या आयेशी तुझं नातं काय लिहू? ग्रॅम्प्समध्ये मूल आणि पालक यांच्या नात्याचे पर्याय येतात: जन्माचं, दत्तक, सावत्र वगैरे. आत्याला वाचून दाखवले. म्हणाली, "सावत्र लिवू नको." मग जन्माचं लिहू? तर तेही नको. तिथे आपल्या मनाचं लिहायची सोय आहे. मी 'धाकटी आये' असं लिहिलं. तिला ते पटलं.

आणि हेच फाईलबरोबर बाहेर जात नाही. जेडकॉमच्या ५.५.१ या आवृत्तीत, जी आजही सर्रास चालते, या नात्याला ठरलेले पर्याय चारच आहेत: जन्माचं, दत्तक, सांभाळायला घेतलेलं, आणि त्या चर्चच्या एका विधीतून आलेलं. सावत्रसुद्धा नाही, मग 'धाकटी आये' कुठून असणार? ग्रॅम्प्स ते आपल्या खुणेने लिहून पाठवेल, पण पलीकडच्या प्रोग्रॅमला ती खूण वाचता येईलच असं नाही. नाही आली तर तो टाकून देईल, आणि टाकलं हे तुम्हाला सांगणारही नाही. तुम्ही फाईल मागता तेव्हा मला हे दिसतं. तुम्हाला वाटतं मी नावं दाबून ठेवलीत.

पुतण्याने यंदा पुन्हा विचारलं. म्हणाला, "आत्या, तेव्हा चुकलं माझं. पण तुमच्यानंतर काय? हा लॅपटॉप कोण उघडणार आहे?" त्याचा मुद्दा बिनतोड आहे. माझी मुलं या भावकीची नाहीत, त्यांना यात गोडीही नाही. बॅकअप आहे, फोटोंसकट, दोन ठिकाणी. पण बॅकअप वाचणारं माणूस लागतं, आणि प्रोग्रॅम "एकच आहेत का" असं विचारेल तेव्हा नाही म्हणणारं माणूस लागतं. ते पुतण्याच असेल कदाचित. त्याला मी अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही.

तोवर ज्याला आपली शाखा हवी असेल त्याने रविवारी सकाळी फोन करून घरी यावं. दोन तास काढून या, घरातले जुने दाखले, सातबारा, लग्नपत्रिका जे असेल ते आणा. आणि निघायच्या आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून या की आजीचं, पणजीचं माहेरचं नाव काय होतं.