डीम्ड म्हणजे अर्धवट नव्हे

आज सोसायटीच्या मीटिंगमध्ये डीम्ड कन्व्हेयन्सचा, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर करून घेण्याचा विषय निघाला आणि शेजारच्या काकांनी काळजीने विचारलं, "डीम्ड म्हणजे तात्पुरतं का गं? उद्या बिल्डर येऊन जमीन परत मागणार नाही ना?" बऱ्याच जणांचा तोच समज दिसला, म्हणून लिहितेय.

'डीम' हे इंग्रजीतलं भारदस्त क्रियापद. एखादी गोष्ट अमुक आहे असं मानणं, ठरवणं. जुना अर्थ निवाडा करणं. आइल ऑफ मॅन बेटावर न्यायाधीशांना आजही 'डीमस्टर' म्हणतात. घरात गप्पा मारताना कोणी 'डीम' म्हणत नाही, तिथे 'थिंक' पुरतं. कायद्यात मात्र त्याला फार वजन आहे. जे प्रत्यक्षात झालेलं नाही, ते झालंय असं धरून पुढची सगळी कामं करायची! बिल्डर सही करायला येतच नाही? मग १९६३च्या मोफा (महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स) कायद्याच्या कलम ११ खाली सोसायटीने जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा. सुनावणी होते, प्रमाणपत्र मिळतं आणि बिल्डरच्या सहीवाचून दस्त नोंदवता येतो.

सरकारी मराठीत हे 'मानीव अभिहस्तांतरण'. दुसरा शब्द जिभेला जड आहे खरा, पण 'मानीव' किती नेमका! डीम्ड युनिव्हर्सिटीला मात्र आपण 'अभिमत विद्यापीठ' म्हणतो. क्रियापद तेच.

आमच्या बिल्डिंगमधल्यांनी रविवारी करारनामा आणि इंडेक्स टूची (फ्लॅटच्या दस्तनोंदणीच्या उताऱ्याची) झेरॉक्स घेऊन या. अर्जाची तयारी सुरू करतोय.